गटारीचं विरजण

माझ्या सुनेचे जिवाणू मी मारले. मुद्दाम मारले नाहीत, पण मारले मीच. एक-दोन नव्हे, सगळ्या गावाच्या गटारीला पुरतील एवढे. ही गोष्ट सांगताना लोक माझ्याकडे बघून हसतात आणि अर्धी चुकीची सांगतात, म्हणून मीच लिहून ठेवते.

आमचं गाव तालुक्याचं. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, गटारी जमिनीखाली गेल्या आणि ओढ्यापलीकडे, जिथं पूर्वी मेलेली जनावरं टाकायचे, तिथं मैलापाणी शुद्ध करायच्या टाक्या उभ्या राहिल्या. आमच्या जिल्ह्यात कुठंही मोठ्या टाक्या आणि जाड पाइप दिसले की माणसं त्याला फॅक्टरी म्हणतात. हिचं नाव पडलं गटार फॅक्टरी. माझी सून तिथं केमिस्ट.

ती बी.एस्सी. झालेली आहे. लग्न ठरताना तिच्या बापानं पदवी सांगितली, तेव्हा मी म्हटलं बरं झालं, पोरांचा अभ्यास घेईल. तिनं पोरांचा अभ्यास नवऱ्यावर सोपवला, कारण तो मास्तरच आहे, आणि स्वतः गटारीवर कामाला गेली. पहिले सहा महिने मी पाहुण्यांना ती पाण्याच्या खात्यात आहे असं सांगत होते. खोटं नव्हतं.

तिची नोकरी ठेकेदाराकडे होती, वर्षाच्या बोलीवर. वर्ष भरायच्या आत सरकारी माणूस येऊन बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नमुना नेणार होता. नमुना पास झाला तर टाक्या नगरपंचायत ताब्यात घेणार आणि सून तिथली कायमची प्रमुख होणार. नापास झाला तर ठेकेदार तिला काढून आपल्या मेव्हण्याला बसवणार. हा मेव्हणा महिन्यातून एकदा येऊन तिच्या खुर्चीवर बसून जायचा. 'खुर्ची जरा कुरकुरतीय, ताई,' असं म्हणायचा. त्याला पाण्यातलं काही कळत नव्हतं, पण खुर्चीतलं कळत होतं.

मी तिथं पहिल्यांदा गेले ती डबा द्यायला. ती डबा विसरून गेली होती. मला वाटलं होतं नाकाला पदर लावावा लागेल. आत गेले तर पावसाळ्यातल्या मातीसारखा वास. एका टाकीत खालून हवा सोडलेली, पाणी पिठल्यासारखं उकळतंय असं वाटावं, पण गार. दुसरी टाकी गप्प. एक मोठा दांडा तिच्यात हळूहळू फिरत होता आणि वर मधूनमधून बारीक बुडबुडे येऊन फुटत होते.

'ही का बंद पडलीय?' मी विचारलं.

'बंद नाही, आत्या. ह्या टाकीत हवा द्यायचीच नाही. इथले कामगार वेगळे आहेत.'

मी इकडंतिकडं बघितलं. एक वॉचमन सोडला तर कुणी नव्हतं. मग तिनं मला जिवाणूंचं सांगितलं. तिला ते सांगायला फार आवडतं. जेवायचं राहिलं तरी सांगते.

तिनं सांगितलं ते माझ्या शब्दांत असं. आपल्या लघवीत, मैल्यात, खरकट्यात नत्र असतं. गटारीत त्याचा अमोनिया होतो. गोठा दोन दिवस झाडला नाही की डोळ्याला झोंबतो ना, तोच वास. हवेच्या टाकीत एक जातीचे जिवाणू असतात. ते हवा घेतात आणि अमोनिया खाऊन त्याचं नायट्रेट करतात. मग ते पाणी पंपानं पुन्हा गप्प टाकीत आणायचं. तिथं दुसऱ्या जातीचे जिवाणू. त्यांना हवा मिळत नाही, जीव कासावीस होतो, म्हणून ते नायट्रेटमधलाच प्राणवायू ओढून घेतात. प्राणवायू गेला की नत्र मोकळं होतं आणि बुडबुडा होऊन वर उडून जातं. मी जे फुटताना बघत होते ते नत्र होतं.

मी शेतकऱ्याची बाई. नत्र म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर युरियाची गोण येते.

'आमी गोणीसाठी लायनीत उभं ऱ्हातो आन् तुमी फुकाट हवेत सोडता व्हय?'

'खत वावरात चांगलं, आत्या. ओढ्यात गेलं की शेवाळ माजतं, मासे मरतात. विहिरीत उतरलं तर ते पाणी बाळाच्या दुधात जातं, बाळाला बाधतं.'

'मंग वावरातच सोडा की.'

'सोडतो ना. पण एवढं पाणी रोज कोणाचं पीक पिणार? पावसाळ्यात तर कुणीच घेत नाही. उरलेलं ओढ्यातच जातं.'

ते मला पटलं. ओढा पुढं आमच्याच मळ्याच्या कडेनं जातो. पण पटलं असं मी तिला बोलून दाखवलं नाही. नुसतं म्हटलं, जेव आता.

त्या दिवसापासून पाण्याचं खातं म्हणणं मी सोडून दिलं. सून गटारीवर आहे असं सांगायला लागले.

आता माझं काम सांगते. आमचा बायकांचा बचत गट आहे. मी त्याची अध्यक्ष, कारण बाकीच्यांना आवाज नाही. आम्ही फिनेल बनवतो. अर्क विकत आणायचा, पाण्यात ढवळायचा, दुधासारखं पांढरं झालं की बाटल्या भरायच्या. घट बसायच्या आधी त्याला फार मागणी. आमच्याकडे पितरं संपत आली की अख्खं गाव धुवायला काढतात. गोधड्या, वाकळा, पोती, पाटा-वरवंटा, देवाची चौकट, दाराचे उंबरे. ज्या बाईच्या दोरीवर घटाआधी वाकळ दिसली नाही तिच्याबद्दल वर्षभर बोलतात. त्या आठवड्यात फिनेलच्या बाटल्या भाजीसारख्या जातात.

यंदा नळाला चौथ्या दिवशी पाणी येत होतं. माझी धाकटी जाऊ गटात हिशेबाला आहे. ती म्हणाली, 'आक्का, नळाचं पानी येऊस्तोवर थांबू.'

'बोअरचं घे.'

'बोअरचं लई जड हाय. डाळ शिजत न्हाई त्यात.'

'आपुन काय डाळ शिजवतोय?'

दोन ड्रम बनवले, तेही अर्क दुप्पट घालून, कारण गेल्या वर्षी एकीनं वास कमी आहे म्हणून टोमणा मारला होता. सकाळी झाकण उघडलं तर फाटलेलं. नासलेल्या दुधासारखं वर तेलकट साय आणि खाली गढूळ पाणी. कितीही ढवळलं तरी एकजीव होईना. जाऊ काही बोलली नाही. पण ती न बोलता बोलते, ते मला ऐकू येतं.

घटाआधी घरात नासलेलं काही ठेवत नाहीत. मी म्हटलं, ओता गटारीत.

'दोन्ही?' जाऊ म्हणाली.

'दोन्ही. गटार सोच्छ हुईल. तेवढंच माझ्या सुनेचं काम हलकं.'

ही माझी अक्कल. फिनेलनं मोरी स्वच्छ होते, मग गटार का नाही? गटार स्वच्छ होऊन फॅक्टरीत गेली तर तिथल्या माणसाला तेवढी घाण कमी. चौघी बायकांनी ड्रम कलंडवले आणि चेंबरमध्ये सोडून दिले. भकभक करत गेलं. सगळ्या गल्लीला दवाखान्यासारखा वास आला आणि आम्हाला बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सून घरी आली ती ताटावर बसून भाकरीकडे नुसती बघत राहिली. ती जेवणाला नाही म्हणणारी बाई नाही. माझ्या पोरानं विचारलं काय झालं. म्हणाली, 'अमोनिया जसा येतो तसाच बाहेर जातोय. गप्प टाकीत एक बुडबुडा नाही. कुणीतरी विष सोडलंय गटारीत.'

'कोणी?' पोरगा म्हणाला.

'नगरपंचायतीच्या साहेबांना दवाखान्याचा संशय आहे. डेअरीचाही आहे. चौकशी करायची म्हणतात. अन् नमुना दहा दिवसांवर आलाय.'

मी भाकरी मोडत होते. विचारलं, 'वास कशाचा येतोय?'

'फिनेलचा.'

मी भाकरी खाली ठेवली. फिरवून फिरवून सांगायची मला सवय नाही. म्हटलं, 'ते म्या सोडलं.'

पोरानं कपाळाला हात लावला. सून माझ्याकडे बघतच राहिली.

'किती?'

'दोन ड्रम.'

'बाटल्या?'

'ड्रम. मोठं. अर्क दुप्पट हुता.'

'का पण, आत्या?'

'तुझं काम हलकं व्हावं म्हनून.'

ती उठली आणि मोरीत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. खांदे हलत होते. रडतेय की हसतेय ते बघायला मी गेले नाही. परत आली तेव्हा डोळे लाल होते आणि तोंडावर हसू होतं, तेव्हा दोन्ही झालं असावं.

'लोकांच्या सासवा सुनेच्या चहात मीठ टाकतात,' ती म्हणाली. 'तुम्ही तर माझा अख्खा कारखानाच मारला.'

'मेलंत व्हय सगळं?'

'साधी घाण खाणारे चिवट असतात. ते दोन-तीन दिवसांत पुन्हा वाढतील. पण अमोनिया खाणारे नाजूक. ते एकाचे दोन व्हायलाच दिवस-दीड दिवस घेतात, आणि टाकी भरायला त्यांना महिना लागेल. ते नसले की नायट्रेट होत नाही, आणि नायट्रेट नसलं की दुसरे नत्र सोडणार कशातून? सगळी साखळी तुटली.'

'मंग विरजन आन की.'

'काय?'

'दह्याचं भांडं मोरीत उपडं झालं तर महिनाभर वाट बघत बसतो का आपुन? शेजारनीकडनं चमचाभर आनतो. दुसऱ्या कुन्या गावात अशी टाकी आसलच की.'

'आहे,' ती म्हणाली. 'मीही तोच विचार करत होते. पण चमचाभर नाही लागणार, गाडीभर लागेल. आणि साहेब गाडी देत नाहीत. आधी गुन्हेगार सापडू दे म्हणतात.'

'सापडला की.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर नगरपंचायतीत गेले. साहेब म्हणजे पाण्याचा आणि गटारीचा इंजिनियर. त्यांच्या टेबलावर दवाखान्यांची यादी होती, निम्म्या नावांवर खुणा केलेल्या.

मी म्हटलं, 'साहेब, दवाखानं सोडा. ते म्या सोडलंय.'

'काय सोडलंय?'

'फिनेल.'

त्यांनी सुनेकडे बघितलं. 'ह्या कोण?'

'माझ्या सासूबाई,' ती म्हणाली.

साहेब हसायला लागले ते थांबेनात. चष्मा काढून रुमालानं डोळे पुसले. 'मी सासू-सुनांची भांडणं ऐकली आहेत, पण गटारीतून भांडणं पहिल्यांदाच बघतोय.'

'भांडान न्हाई. मदत हुती.'

तेव्हा तर ते खुर्चीवरून पडायचे राहिले. मी थांबले. माणूस हसत असतो तेव्हा काही मागायचं असतं. म्हटलं, 'गाडी द्या. मैला उपसायची. सोच्छ धुवून.'

गाडी मिळाली.

तोवर घट बसले होते. दुसरी माळ, शुक्रवार. नऊ दिवस मी अनवाणी राहते, जाऊही राहते. गाडीत पुढं ड्रायव्हर, सून, मी आणि जाऊ. जावेला यायचं काही कारण नव्हतं. म्हणाली, 'आक्का, ड्रम म्या बी कलंडवला.' खरं कारण ती घटात कुठं बाहेर पडायला मिळतंय का बघत असते. मैल्याच्या गाडीतून कुणी देवदर्शनाला निघाल्यासारखं निघालेलं मी तरी बघितलं नव्हतं. डोक्यात फुलं माळलेली, मांडीवर डबा. वाटेत लोक गाडीचा पाइप बघून नाक धरायचे, मग आत आम्हाला बघून नाक सोडायचे आणि तोंड उघडं टाकायचे. जाऊ सगळ्यांना हात करत होती.

शेजारच्या तालुक्यातल्या टाकीवर एक पिकल्या मिशांचा माणूस होता. आधी शुगर फॅक्टरीत साखरेच्या पाकावर काम केलेला. रिटायर झाल्यावर इथं आला. तिथल्या साहेबांनी फोनवर हो म्हटलं होतं, पण ह्याला गंमत करायची होती. कमरेवर हात ठेवून म्हणाला, 'आज शुक्रवार. शुक्रवारी दूध-दही घराभाईर देत न्हाईत.'

'दुधाचं देत न्हाईत,' मी म्हटलं. 'गटारीचं कुठं लिवलंय?'

'घट बी बसल्यात.'

'तुमच्या घटातल्या देवीला आमची अडचण कळंल. बाई हाय ती.'

त्यानं मिशीतून हसून घेतलं. मग विचारलं, 'भांडं रिकामं आनलं का?'

रिकामं भांडं घेऊन कुणाच्या दारात विरजण मागायला जाऊ नये, एवढं मला चौथी पास व्हायच्याही आधीपासून माहीत आहे. मी डबा पुढं केला. शेंगदाण्याचे लाडू होते, उपासाचे.

'आधी साबणानं हात,' सून म्हणाली. 'सगळ्यांनी.' मग आमच्या पायांकडे बघितलं. 'आणि अनवाणी टाकीवर यायचं नाही.'

'घटात आमी पायात घालीत न्हाई,' जाऊ म्हणाली.

'मग गाडीत बसा.'

एवढ्या लांब येऊन गाडीत बसायचं? मिशावाल्यानं गमबुटाचे दोन जोड आणून ठेवले. मी घातले. देवीनं काही म्हटलं नाही. जावेनं आधी माझ्याकडे बघितलं, मला काही झालं नाही हे बघून मग घातले. तिला ते गुडघ्याच्या वर येत होते आणि चालताना पटापटा वाजत होते. ती त्यात एवढी हसली की मिशावाला पाइप लावायचा थांबला.

त्यांच्या टाकीतला गाळ चॉकलेटी, चांगला दाट. सुनेनं काचेच्या भांड्यात घेऊन उन्हाला धरला, वास घेतला आणि म्हणाली, 'फर्स्ट क्लास.' गूळ बघताना गुऱ्हाळवाला तोंड करतो तसं तिचं तोंड झालं होतं. गाडी भरली. मिशावाला म्हणाला, 'न्या. पन सांभाळून. हवेवाचून फार येळ ठिवू नका.'

परत येताना ड्रायव्हरनं चहाच्या टपरीपाशी गाडी हळू केली.

'थांबायचं नाही,' सून म्हणाली.

'ताई, एक कटिंग फक्त.'

'मागं जिवाणू गुदमरतायत.'

'मला त्यांची वळख न्हाई, ताई. चहाची हाय.'

मी म्हटलं, 'चल मुकाट्यानं. घरी तुला तांब्याभर पाजीन.' तो चालला, आणि संध्याकाळी खरंच तांब्याभर प्यायला.

उन्हं होती तोवर गाळ हवेच्या टाकीत सोडला. मी काठावर उभी. मला वाटलं लगेच काहीतरी होईल. काही झालं नाही. दही तरी कुठं लगेच लागतं? सून म्हणाली, आता दोन गोष्टी. एक, त्यांना हवा कमी पडू द्यायची नाही. दुसरं, अमोनिया खाताना पाणी आंबट होत जातं, आणि आंबट पाण्यात त्यांचं काम बंद पडतं, म्हणून रोज मोजून चुना टाकायचा. चुना कालवायचं काम मी घेतलं. आयुष्यभर भिंती पांढऱ्या केल्यात, तेवढं मला जमतं. तिनं मला हातमोजे आणि चष्मा दिला. चष्म्यात मला बघून वॉचमन म्हणाला, 'आजी, विमान कधी उडवताय?'

रोज सकाळी ती नळीत बाहेरचं पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायची. अमोनिया असला की पाणी पिवळं होतं. पहिल्या दिवशी हळदीसारखं गडद. मला आकडे नको होते, रंग पुरत होता. दुसऱ्या दिवशीही तसंच. त्याच दिवशी मेव्हणा आला, खुर्चीवर बसला आणि खिडकीतून टाकीकडे बघत म्हणाला, 'इथं एसी बसंल का हो, ताई?' मी चुन्याचं घमेलं त्याच्या शेजारी असं ठेवलं की त्याच्या काळ्या पँटीचा एक पाय पांढरा झाला. ते मुद्दाम होतं. तेही सांगून टाकते.

तिसऱ्या दिवशी हळद फिकी. चौथ्या दिवशी लिंबाच्या सरबताएवढी. सून नळी घेऊन टाकीपाशी पळत आली आणि मला ती नळी दाखवताना दोनदा बोलायला सुरुवात करून दोनदा थांबली. मी म्हटलं, दिसतंय मला, आंधळी नाही मी.

पण बुडबुडे नव्हते. अमोनिया जात होता, त्याचं नायट्रेट होत होतं आणि ते तसंच बाहेर पडत होतं. अर्धं काम. नमुन्यात एकूण नत्र मोजतात. ती कपाळ चोळत म्हणाली, 'गप्प टाकीतले उपाशी आहेत. नायट्रेटमधून हवा ओढायची तर अंगात ताकद पाहिजे, त्यांना खायला पाहिजे. एरवी गटारीतली घाण त्यांना पुरते. पण घटाआधी सगळ्या गावानं धुणी धुतली, आता निम्मं गाव उपाशी. खरकटं नाही, नुसतं पातळ पाणी येतंय.'

'काय खात्यात?'

'गोड. साखर कारखान्याची मळी मिळाली असती तर उत्तमच. पण हंगाम सुरू नाही, आणि मळीला परवाना लागतो.'

'गूळ?'

'चालेल की.'

आमच्या घरी गाभण गायीसाठी काळा गूळ असतो, दोन ढेपा होत्या. मी जावेला सांगितलं, तिनं गटातल्या बायकांना सांगितलं. प्रत्येकीच्या घरी जनावराचा नाहीतर गेल्या वर्षीचा पाघळलेला गूळ असतोच. संध्याकाळी सातजणी डोक्यावर पाट्या घेऊन ओढा ओलांडून आल्या. त्यातली एक नव्यानं गटात आलेली, ती पदराआडून म्हणाली, 'देवीला निवद दावून आलो, आता गटारीला.'

'दोन्हीकडं बायकाच राबत्यात,' जाऊ म्हणाली.

सुनेनं गूळ तोलून घेतला आणि कागदावर गणित मांडलं. एकदम टाकू दिला नाही. जास्त झाला तर उरलेला बाहेर जाऊन पाणी पुन्हा खराब करेल म्हणाली. पिंपात विरघळवून बारीक धारेनं सोडायचा. आम्ही आळीपाळीनं तोटीपाशी बसलो, गप्पा मारल्या, एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढली. माझी सून समोरच होती म्हणून तिची काढता आली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुना कालवत होते आणि जावेनं ओरडून सगळी फॅक्टरी डोक्यावर घेतली. 'आक्का! फुटतंय!'

गप्प टाकीवर बुडबुडे. आधी इथं एक, तिथं एक. मग पोरं पाण्यात खडे मारतात तसे सगळीकडं. सून वाकून बघत होती. मी तिच्या ओढणीचं टोक धरून ठेवलं, पडली तर काय घ्या. जाऊ बुडबुडे मोजायला लागली आणि विसात चुकली. मला ते बघून एवढा आनंद का झाला ते अजून सांगता येत नाही. नत्र गेलं, हवेत गेलं, माझ्या डोळ्यांदेखत. आयुष्यभर जी गोष्ट गोणीतून वावरात ओतली, ती तिथून निघून आपल्या मूळ जागी चालली होती.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी सरकारी माणूस आला. बर्फाच्या पेटीत बाटल्या घेऊन आला, बाहेरच्या तोंडाचं पाणी भरलं, चिठ्ठ्या लावल्या, सही घेतली. एका शब्दानं बोलला नाही. मी विचारलं, कसं वाटतंय पाणी? तो म्हणाला, 'आजी, मला पाण्याचं काही वाटत नसतं.' असा माणूस मला आवडतो.

मग दसरा झाला, आपटा वाटून झाला, आणि निकाल काही येईना. सून घरात भांडी दोनदा घासायला लागली. मी तिला काही समजावलं नाही. समजावून नमुना पास होत नाही.

आला तो सोमवारी दुपारी. ती घरी जेवायला आली होती. साहेबांचा फोन. तिनं उभ्यानं ऐकला, 'हो सर, हो सर' एवढंच म्हणाली, फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. 'आत्या, पास. अमोनिया, एकूण नत्र, सगळं मर्यादेच्या आत.'

'खुर्ची?'

'माझी.'

तिनं मला कमरेला धरून उचललं. माझं वजन कमी नाही. मी तिला सोड म्हटलं, पण फार जोरात म्हटलं नाही. पोरगा शाळेतून आला तेव्हा आम्ही दोघी पेढे खात होतो आणि त्याच्यासाठी एकच उरला होता. मेव्हण्याचं काय झालं विचारू नका. तो आता दुसऱ्या कुठल्यातरी खुर्चीवर बसून बघत असेल.

आठवड्यानं तिच्या हातात कायमचं पत्र पडलं. त्या दिवशी संध्याकाळी आमच्या गटाच्या खोलीवर वॉचमन एक लखोटा घेऊन आला. वर माझं नाव, अध्यक्ष म्हणून. जावेनं फोडला, वाचायला माझ्याकडे दिला. फिनेल किंवा त्याचा अर्क, नासलेला अथवा चांगला, गटारीत सोडण्यास सक्त मनाई. नासलेला माल बंद पिंपात साठवून नगरपंचायतीकडे द्यावा. केंद्रप्रमुख मंगळवारी जागेची तपासणी करतील. खाली सुनेची सही. नव्या खुर्चीवर बसून तिनं केलेली पहिली सही.

'आक्का, सुनेनं नोटीस धाडली तुला!' जावेला हसू आवरेना. 'लाडू कुनी दिलं, चुना कुनी कालवला, काय हाय का तिला?'

'बरोबर केलं तिनं,' मी म्हटलं. आणि पोच म्हणून सही करून दिली, पूर्ण नाव लिहून, एक अक्षर न चुकता.

मंगळवारी ती आली. घरात घालते तो ड्रेस नव्हता, ऑफिसचा होता, हातात फाइल. आम्ही ड्रम पुसून रांगेत लावले होते, पिंपाला झाकण होतं, गटारीच्या चेंबरवर मी स्वतः दगड ठेवला होता. मी विचारलं, 'आधी चहा का आधी तपासणी?'

'तपासणी,' ती म्हणाली, आणि दगड हलवून खाली वाकून बघितलं.